हशाच्या आधी

आमच्या धंद्यात हशा अमेरिकेतून येतो. म्हणजे अक्षरशः येतो, वेगळ्या ट्रॅकवर, संगीत आणि दारं आपटल्याच्या आवाजांसकट. मूळ कलाकारांचं बोलणं तेवढं काढून टाकलेलं असतं आणि त्या रिकाम्या जागांत आम्ही मराठी भरायचं. भरा काय हवं ते, पण हशा सुरू व्हायच्या आत वाक्य संपलं पाहिजे. तो कुणाच्या बापासाठी थांबत नाही. माझ्या बापासाठीही थांबला नाही.

मी रुचिरा परब. अंधेरीला आंबोलीतल्या एका गाळ्यात आमचा डबिंग स्टुडिओ आहे, तिथे मी संवाद लिहिते. चार वर्षं मी 'रविवारची मंडळी' लिहिली. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय वस्तीतलं चर्च, तिथली माणसं आणि त्यांच्या भानगडी, अशी ती विनोदी मालिका. चॅनेलने ती घेतली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. आमच्या असल्फ्याच्या वस्तीतल्या प्रेक्षकाला तिकडच्या चर्चचं काय पडलंय? मग पहिला भाग बघितला आणि गप्प बसले. क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनवृंदात, पुढच्या रांगेत कोण उभं राहणार यावरून दोन बायकांचं भांडण. पास्टरच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूच्या, बायकोच्या टोपीमुळे मागच्यांना काही दिसत नाही म्हणून तक्रार. अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात छापलेल्या पंख्यांनी वारा घेत बसलेल्या म्हाताऱ्या. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला याहून वेगळं काय चालतं?

त्यातल्या म्हाताऱ्या पास्टरचा आवाज माझ्या बाबांचा. अंबादास परब. आजोबा गिरणीत होते, बाबा आयुष्यभर घरोघरी विजेचे मीटर बघत फिरले, आणि दरवर्षी रजा टाकून गावी दशावतारात उभे राहिले. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. राजा रंगात आला की अर्धा तास बोलतो आणि गाव ऐकत बसतं. अशा माणसाला मी काचेच्या खोलीत कोंबून सांगितलं की बाबा, हे वाक्य पावणेतीन सेकंदांत संपवायचं. पहिले दोन महिने त्यांनी मला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या असतील. पण मग असे काही जमले की पास्टरच्या ओठांतून मालवणी माणूस बोलतोय हे मलाही विसरायला व्हायचं. स्टुडिओत सगळे त्यांना काका म्हणत.

पहिल्या सीझनला मी एक चूक केली. त्या चर्चमध्ये पास्टर बोलत असताना समोरची माणसं गप्प बसत नाहीत. ओरडतात, हात वर करतात, उभी राहतात. एका भागात पास्टर बोलता बोलता अडखळतो, त्याला शब्द सुचत नाही, आणि अख्खी मंडळी त्याच्याकडे बघून ओरडते. मूळ स्क्रिप्टमध्ये 'टेक युअर टाइम' असं होतं. मला तो टोमणा वाटला. वक्ता अडखळल्यावर सभागृहातून आवाज आला तर तो दुसरा कसला असणार? मी बेधडक लिहून टाकलं, 'अहो आटपा, जेवण थंड होतंय!' क्राउडला, म्हणजे गर्दीचे आवाज द्यायला, आलेल्या सहा जणांनीही जीव ओतून हुर्यो केली.

बाबांनी हेडफोन काढला. "अगो, ही हुर्यो नाय. हात बघ त्यांचे."

मी पुन्हा बघितलं. सगळ्यांचे हात पुढे होते, तळवे वर. मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आपण धरतो तसे.

"आधार देतत तेका," बाबा म्हणाले. "सावकाश बोल म्हणतत, आम्ही हंयच आसंव."

मला माझी लाज वाटली. आम्ही ते सगळं पुसलं आणि नव्याने केलं. 'सावकाश, पास्टर. घाई नाही.' पुढे चार वर्षांत ते वाक्य पंचवीसेक वेळा तरी आलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी ते तसंच ठेवलं.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात दोन दिवसांत हलायला लागला. बोलणंही आलं, स्वच्छ आलं, फक्त उशिरा यायला लागलं. शब्द कुठेतरी आत ठेवलाय आणि तो शोधून आणावा लागतोय, असं. सुधारेल, पण वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळ नेमका आमच्याकडे नव्हता. शेवटचा सीझन सुरू झाला होता.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना एक सोपं वाक्य होतं. 'ही टोपी आहे की मांडव?' ते 'टोपी'पर्यंत आले आणि हशा सुरू झाला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. नितेश, आमचा रेकॉर्डिस्ट, काचेपलीकडून माझ्याकडे बघत राहिला. मी पेन काढलं आणि वाक्य 'टोपी की मांडव?' असं केलं. तेही बसेना. शेवटी नुसतं 'मांडवच!' ठेवलं, तेव्हा कुठे हशाच्या आधी पोचलो.

त्यानंतर मी रोज माझ्या बापाचं बोलणं कापत होते. पास्टर पाठमोरा असेल तिथे त्याला गप्प केलं. त्याचे विनोद त्याच्या बायकोच्या तोंडी घातले. जिथे तोंड दिसत होतं तिथे 'हो', 'बरं', 'आमेन'. ज्या हातांनी त्यांना लांबलचक वाक्यं लिहून दिली त्याच हातांनी ती खोडत होते, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

"पास्टर हल्ली बोलणाच नाय गो," एकदा मेट्रोत बाबा म्हणाले.

"तिकडचे लेखक बदललेत," मी म्हटलं. बाबा खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटच्या भागात मात्र पळवाट नव्हती. पास्टर निवृत्त होतो आणि मंडळीला अखेरचा उपदेश करतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद, कॅमेरा सरळ तोंडावर. ती पानं बाबांनी माझ्या टेबलावरून स्वतःच उचलली. सकाळी गॅलरीत उभे राहून ते पाठ करायला लागले. शेजारच्या नीलाकाकूंनी कपडे वाळत घालता घालता पूर्ण उपदेश ऐकला आणि डोळे पुसले. "ह्यां मीच करतलंय," बाबांनी मला बजावलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

चॅनेलच्या शर्मिष्ठाचा फोन आला. "रुचिरा, ऐक ना यार. काकांचं सगळ्यांनाच वाईट वाटतंय. पण शुक्रवारी डिलिव्हरी आहे गं. सुयोगला बोलावू या, तो काकांचा आवाज हुबेहूब काढतो."

मी तिला वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं, आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला. शेवटी मी म्हटलं, "एकदा करू दे त्यांना. एकच दिवस."

"ओके. एकच दिवस," ती म्हणाली.

त्या दिवशी मी एक नियम मोडला. क्राउड नेहमी वेगळा रेकॉर्ड होतो, मी सहाही जणांना बाबांबरोबर आत उभं केलं. म्हटलं, तिकडच्यासारखंच करू. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर पास्टर उठला आणि बाबा बोलायला लागले. पहिली दोन वाक्यं अचूक बसली. नितेशने अंगठा वर केला. तिसऱ्या वाक्याला शब्द अडला.

"सावकाश, पास्टर," सहा जण म्हणाले. "घाई नाही."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, हसले, आणि शब्द सापडला. तोवर पडद्यावरचा पास्टर दोन वाक्यं पुढे निघून गेला होता.

चार टेक घेतले. चौथ्यात पडद्यावरचा पास्टर बोलून खाली बसला, हशा झाला, क्वायर गाऊन मोकळा झाला, नावं वर सरकली आणि पडदा काळा झाला. बाबा बोलतच होते. आणि आतले सहा जण त्यांना साथ देत होते. हो पास्टर. सावकाश पास्टर. मी थांबवलं नाही, नितेशनेही नाही. पावणेपाच मिनिटं लागली. चार वर्षांत इतकं सुंदर काम त्या खोलीत झालं नव्हतं, आणि ते कशाच्याही उपयोगाचं नव्हतं.

"मधल्या गॅप काढून बघतो," नितेश म्हणाला. दोन तास तो काढत बसला. शब्दच लांबलेले होते, त्यांचे तुकडे जोडल्यावर ते कुणाही माणसाचं बोलणं वाटेना. मग त्याने मशीन बंद केलं.

बाबांना मीच सांगितलं. त्यांनी उपदेशाची पानं घडी करून मला परत दिली. मग म्हणाले, "सुयोग... बरो बोलता." आणि जरा वेळाने, "माका क्राउडात घे."

दुसऱ्या दिवशी सुयोगने उपदेश केला. पोरगा गुणी आहे, बाबांच्या पाया पडून आत गेला. त्याच्या कामात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मग क्राउड. बाबा सहा जणांच्या शेजारी सातवे उभे राहिले. सुयोगचा पास्टर मूळ स्क्रिप्टमधल्या ठरल्या जागी अडखळला. सहा जण म्हणाले, "सावकाश, पास्टर. घाई नाही." आणि मग, बरोब्बर एक सेकंद मागून, एकटे बाबा. "सावकाश, पास्टर. घाई नाही."

मी डोळे मिटून घेतले. पण नितेश खूश. "राहू दे, झकास आहे! प्रत्येक मंडळीत एक म्हातारा मागून बोलतोच." आम्ही ते ठेवलं. बाबांनी घरी जाताना सोसायटीच्या वॉचमनपासून नीलाकाकूंपर्यंत सगळ्यांना सांगितलं की रविवारी अकरा वाजता बघा, माझं एक वाक्य आहे, वेगळं ऐकू येईल.

शुक्रवारी दुपारी चॅनेलच्या तपासणीचा रिपोर्ट आला. सगळं ठीक. फक्त एकोणिसाव्या मिनिटाला क्राउडमधला एक आवाज सिंकच्या बाहेर आहे, चित्राशी जुळत नाही, काढून टाकावा.

मी शर्मिष्ठाला फोन केला. ती म्हणाली, "मला कळतंय गं. पण तपासणीला बसलेल्या माणसाला मी काय सांगू? त्याच्यासाठी तो एक एरर आहे. पाच वाजता फाइल जायला हवी." तिची चूक नव्हती. कुणाचीच नव्हती. भांडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं.

नितेशने हात मांडीवर ठेवले होते. "तू सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"काढ," मी म्हटलं. त्याने एक बटण दाबलं. एवढंच.

बाबांना मी सांगितलं नाही. शुक्रवारी सांगणार होते, शनिवारी सांगणार होते. रविवारी त्यांनी दाढी केली, केस विंचरले, तोच इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली. मी चहा दिला, त्यांनी तो प्यायला नाही.

पास्टर उपदेशाला उठला. सुयोगचा आवाज ऐकून बाबा मान डोलवत होते. "आता येतला," ते म्हणाले आणि बोट वर केलं. मला उठून टीव्ही बंद करावासा वाटला, खोटं सांगावंसं वाटलं की वीज गेली. मी जागची हलले नाही.

पास्टर अडखळला. सगळ्यांचे हात पुढे आले. "सावकाश, पास्टर. घाई नाही."

बाबांचं बोट वरच होतं. एक सेकंद गेला. पास्टर पुढचं वाक्य बोलला, त्याच्या पुढचंही बोलला. मग बायकोच्या टोपीवरचा शेवटचा विनोद आला आणि हशा झाला. बोट अजून वरच.

"माझो आवाज... खंय गेलो?" बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं.

"बाबा, ते..." मी म्हटलं. "त्यांनी... नाही, मीच..."

पुढे येईना. अठ्ठ्याऐंशी भाग लिहिले, पाऊण सेकंदात बसणारी वाक्यं लिहिली, आणि आता तोंडातून शब्द निघत नव्हता. टीव्हीवर पुन्हा हशा सुरू झाला.

बाबांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. खुर्ची सावकाश माझ्याकडे फिरवली. उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"सावकाश गो," ते म्हणाले. "घाई नाय."