दृष्टीसर आणि उशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या वाटेत आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बाप भिंतीला टेकून मोबाइल उंच धरून चित्रण करत होते आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दृष्टीसरांचा चेहरा होता. पांढराशुभ्र शर्ट, तुपासारखा मऊ आवाज, आणि डोळे असे रोखलेले की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हा आपल्याकडेच बघतोय.

"या सभागृहात," सर म्हणाले, "आत्ता, या क्षणी, कोणीतरी नाक खाजवतंय."

एकच 'अरे!' उमटलं. दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चटका बसल्यासारखा हात खाली घेतला आणि आजूबाजूच्यांनी त्यांच्याकडे बोटं दाखवत टाळ्या पिटल्या. शेजारच्या बाईंनी माझा दंड दाबला. "बघितलंत? पडद्यातून दिसतं त्यांना!"

त्या क्षणी मीसुद्धा नाक खाजवत होते. शेकडो माणसं बंद खोलीत कोंबली की पाच-पंचवीस नाकं कायम खाजवली जातच असतात. पण हे सांगायची सोय नव्हती. कारण मंचावर आता बोलायला उभी राहिली ती माझी सख्खी धाकटी बहीण.

"मी एक साधी आई," धाकटी म्हणाली. "माझे मिस्टर पूल बांधायच्या कामावर असतात. पूल झाला की आमचं गाव बदलतं. दरवेळी मुलीची शाळा तुटते, मैत्रिणी तुटतात. म्हणून ऑनलाइन शाळा शोधत होते. किती पाहिल्या! पण इथे सर स्वतः माझ्या मुलीवर नजर ठेवतात. तिला चिमणी म्हणून हाक मारतात. घरचं नाव आहे हो ते! मी त्यांना कधी सांगितलंसुद्धा नव्हतं."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मग मागून एक बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "एका वर्गात मुलं किती असतात? आणि मुलाला काही अडलं तर विचारायचं कोणाला?"

सूत्रसंचालिका गोड हसली. "ताई, सूर्य कधी मोजतो का, आपलं ऊन किती घरांत पडलं ते?"

पुन्हा टाळ्या. त्या बाईंचे कान लाल झाले आणि त्या मुकाट्याने खाली बसल्या. उत्तर मिळालं नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, पण मीही गप्प राहिले. बहीण मंचावर होती ना.

मी दातांची डॉक्टर आहे. पुढच्याच आठवड्यात धाकटी चिमणीला घेऊन दवाखान्यात आली. "ताई, ही झोपेत फार दात खाते गं. सकाळी जबडा दुखतो म्हणते."

मी तिला खुर्चीत बसवलं. दाढांची टोकं घासून सपाट होत आली होती आणि गालाचे स्नायू सुपारीसारखे कडक लागत होते. आठ वर्षांच्या मुलीचा जबडा असा नसतो. मी धाकटीला औषधाची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलं आणि दिवा जवळ ओढला, तशी चिमणीने मान फिरवली.

"मावशी, यात सर आहेत?"

"कशात?"

"दिव्यात. सर म्हणतात, टॅब बंद केला तरी माझी नजर बंद होत नाही."

मग ती हळूहळू बोलत गेली. सकाळी वर्ग सुरू झाला की मध्ये उठायचं नाही. उठलं की नजरेचा धागा तुटतो आणि पुन्हा जोडायला फार दिवस लागतात. म्हणून ती सकाळी पाणी पीत नाही. एकदा खुर्चीतच शू झाली, तेव्हा सरांनी ते बघितलं असेल या विचाराने ती दिवसभर जेवली नाही. आता ती टॅबवर टॉवेल टाकून झोपते, पण टॉवेलमधून दिसत असलं तर?

मला इतका संताप आला की हातातला आरसा ट्रेमध्ये आपटला. पोरगी दचकली. मी सॉरी म्हटलं आणि तिला उगीचच एक नवा ब्रश दिला. त्या वयाच्या मुलीने भिंतीवर चढावं, खोटं बोलावं, अभ्यास बुडवावा. ही आपली घरातल्या घरात कैद झाली होती, आणि दाराला कडीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी सकाळीच धाकटीकडे जाऊन बसले. एकच खोली, खिडकीला पडदा लावलेला, टेबलावर टॅब, त्याच्यासमोर चिमणी आणि तिच्या शेजारी धाकटी. पालकाने शेजारी बसायचं हाही शाळेचा नियमच.

धडा सुरू झाला. थोड्या वेळाने सर म्हणाले, "चिमणी बाळा, खिडकीबाहेर बघू नकोस."

"बघ!" धाकटी उसळली. "बघितलंस?"

"अगं, खिडकीला पडदा आहे. ती कुठे बाहेर बघत होती?"

"मन बाहेर गेलं असेल."

मग सरांनी जांभई देऊ नकोस म्हटलं. कोणीच जांभई देत नव्हतं, ते धाकटीने सोडून दिलं. पाठ सरळ कर म्हटलं, तेव्हा चिमणी खरंच जरा वाकली होती. धाकटीने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. लागलेले बाण ती ओंजळीत गोळा करत होती, चुकलेले मात्र तिला दिसतच नव्हते.

मी तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं. "धाकटे, वाद नको. मला एकच सांग, काय झालं तर तू मानशील की सरांना दिसत नाही?"

"असं होणारच नाही."

"पण झालं तर? आधी ठरव. नंतर पळवाट नको."

तिने विचार केला. "खुर्ची रिकामी असली तर सर लगेच विचारतील, चिमणी कुठे गेली म्हणून. नाही विचारलं तर मानेन."

खुर्ची रिकामी करणं मात्र सोपं नव्हतं. चिमणी उठेना. तिने दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली होती आणि डोळे पडद्यावर. "मावशी, नको ना. धागा तुटेल." शेवटी मी तिला अक्षरशः उचलली आणि तिच्या जागी दिवाणावरची उशी ठेवली. उशी जुनी, कापूस खाली बसलेला. ठेवली तशी एका बाजूला कलली.

आम्ही तिघी दारात उभ्या राहिलो. चिमणीची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

सर बोलत होते. भागाकार झाला. नद्या झाल्या. मग ते थांबले, डोळे रोखले आणि म्हणाले, "शाब्बास चिमणी बाळा! आज तू किती ताठ बसली आहेस. तुझ्या बसण्यात मला आत्मविश्वास दिसतोय."

उशी आणखी थोडी कलली.

मी धाकटीकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. पण माणूस इतक्या सहजासहजी सुटत नाही. ती पुटपुटली, "सर मोठ्या मनाचे आहेत. त्यांना कळलं असेल, पण चारचौघांत तिला लाजवलं नाही."

मी कपाळावर हात मारला. आता काय बोलायचं? ठरवून केलेली परीक्षासुद्धा तिने अशी सहज गिळून टाकली. तेवढ्यात माझ्या कमरेपाशी बारीक आवाज आला.

"मावशी, सर शूला कधी जातात?"

"काय?"

"ते सकाळपासून उठत नाहीत. पाणी पीत नाहीत. खोकतसुद्धा नाहीत. वरच्या मजल्यावरच्या जुळ्या मुली दुपारी बसतात, तेव्हापण तेच असतात. संध्याकाळी बसलं तरी असतात." ती पडद्याकडे टक लावून बघत होती. "मला तर एवढ्यातच लागते. मग त्यांना कशी लागत नाही?"

चिमणीने माझा हात सोडला. ती टेबलाकडे गेली, पण खुर्चीत बसली नाही. खुर्चीच्या बाजूला उभी राहिली आणि टॅबच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोवर तिने बोट टेकवलं. एक पान उघडलं. मुलाचं वय. मुलाची इयत्ता. घरी काय हाक मारता?

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "हे मीच भरलं होतं. प्रवेश घेतला त्या दिवशी."

चिमणीने ते नाव पुसलं. क्षणभर विचार केला आणि दोनच अक्षरं लिहिली. मग आम्ही पुन्हा वाट बघत उभ्या राहिलो.

"उशी बाळा," दृष्टीसर अत्यंत प्रेमाने म्हणाले, "पाठ सरळ ठेव. माझी नजर आहे तुझ्यावर."

चिमणी आधी नुसतीच बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, फरशीवर बसून हसली, आणि हसता हसताच बाथरूमकडे धावली. दार उघडंच टाकून.

धाकटी हसली नाही. ती त्या उशीच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. "ताई, या इमारतीतल्या सात-आठ घरांना मी ओढून आणलंय. जिन्यात भेटल्या की माझे आभार मानतात त्या. आता कोणत्या तोंडाने सांगू? रविवारी पुन्हा मंचावर बोलायचंय मला. मी पुरती अडकले गं."

"मग तू अडकून राहा," मी म्हटलं. जरा कठोरच बोलले. "पण पोरीला सोड."

रविवारी सभागृह तसंच भरलं होतं. सूत्रसंचालिकेने धाकटीचं नाव पुकारलं. धाकटी मंचावर गेली ती बगलेत उशी घेऊन. तिने खुर्ची ओढली, खुर्चीत उशी ठेवली, समोर टॅबवर धडा लावला आणि माइक त्याच्यापाशी धरला.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "ऐका."

लोक गोंधळून हसले. बराच वेळ धडा चालला. सूत्रसंचालिका 'धन्यवाद, धन्यवाद' करत पुढे सरकली, तेवढ्यात आवाज घुमला. "उशी बाळा, तुझ्या डोळ्यांत मला तेज दिसतंय."

मग एक गृहस्थ गहिवरून उठले. "उशीलासुद्धा शिकवतात! सर किती समदर्शी आहेत!"

पण मागच्या बाजूला मागच्या वेळी कान लाल झालेल्या त्याच बाई बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीचा मोबाइल मागून घेतला आणि धाकटीने मंचावरून सांगितलं त्या जागी नाव बदललं. त्यांचं बघून पुढच्यांनी, त्यांचं बघून आणखी कोणी. आणि मग सभागृहभर तोच तुपाळ आवाज पाझरू लागला. "चप्पल बाळा, जांभई देऊ नकोस." "बादली बाळा, मन कुठे आहे तुझं?" "सासूबाई बाळा, आज तू फार गुणी वागलीस."

आता हसू आवरणं कोणालाच जमेना. सूत्रसंचालिकेने पडदा बंद केला, पण तेव्हा पन्नासेक मोबाइलमधून सर एकाच वेळी बोलत होते.

यात जादू कसलीच नाही. धडे कधीतरी एकदाच चित्रित केलेले. मध्ये मध्ये नावापुरती मोकळी जागा, आणि तिथे तुम्हीच लिहून दिलेलं नाव यंत्र सरांच्या आवाजात चिकटवतं. बोलायचं तेही असं, की ते जगातल्या कुठल्याही मुलाला लागू पडावं. कोणतं मूल वाकत नाही, जांभई देत नाही? शेजारी बसलेली आई लागू पडलेलं लक्षात ठेवते आणि बाकीचं विसरते. एवढ्यावर ती नजर उभी होती. नजर सरांची नव्हतीच, आपली होती.

घरी बसून शिकवणारी शाळा वाईट, असं मी म्हणत नाही. धाकटीला तशीच शाळा लागणार आहे. तिने दुसरी शोधली, पण या वेळी प्रश्न विचारून, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून न हलता. एका बाईंच्या वर्गात चिमणीला एक दिवस बसू दिलं. चिमणीने विचारलं, दिवसा चंद्र कसा काय दिसतो? बाई म्हणाल्या, "मला नीट सांगता येणार नाही गं आत्ता. उद्या बघून सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच सांगितलं. सर्दी झाली होती त्यांना, मध्येच शिंकल्या. धाकटीने तीच शाळा घेतली.

इमारतीतली बाकीची घरं तिने एकेक करून गाठली. कोणी चिडलं, कोणी रडलं, बहुतेकांनी ऐकलं. वरच्या मजल्यावर जुळ्या मुलींच्या घराचं दार मात्र उघडत नाही. आतून आवाज येतो, "वर्ग चालू आहे, नंतर या." धाकटी रोज जाते, रोज तेच ऐकून खाली येते.

जुळ्या मुलींच्या आई, तुम्ही माझं लिहिलेलं वाचता हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिलं. माझं ऐकू नका, माझ्या बहिणीचंही नको. तिची चूक झाली म्हणून तिच्यावर रागवा हवं तर. पण उद्या धडा सुरू झाला की मुलींना उठवा, खुर्च्यांवर घरातलं काहीही ठेवा आणि दारात उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐका. मुली उठायला घाबरतील. त्यांना उचलून घ्या.