आधी केलेले पेढे

"पेढे करायला घे," माधवीनं मतमोजणीच्या हॉलमधून नवऱ्याला, सतीशला, फोनवर सांगितलं. "सगळं ग्रँड आहे. फिंटन आलाच निवडून."

"नक्की ना?"

"अरे, जागा तीन, आणि पहिल्या फेरीत हा तिसरा. अजून काय हवं?"

दोन हजार नऊचा जून. डब्लिनला चेरीवूडच्या ऑफिस पार्कमधली सतीशची नोकरी हिवाळ्यातच गेली होती आणि घर चालत होतं माधवीच्या पगारावर. ती खासदार फिंटन रोशच्या स्वोर्ड्समधल्या ऑफिसात होती. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ब्रुसेल्सला कळवायची. फिंटन युरोपच्या पार्लमेंटात परत गेला तर नोकरी राहणार, पडला तर ऑफिसला कुलूप आणि यांना पुण्याचं तिकीट. आणि गंमत बघा, जिचं घर त्या मतांवर टांगलेलं होतं, तिलाच मत नव्हतं! शुक्रवारी मतदान केंद्रावर तिच्या हातात फक्त त्याच दिवशी होणाऱ्या स्थानिक कौन्सिलच्या मतदानाचा कागद ठेवला. युरोपचा कागद युरोपच्या नागरिकांना.

दुपार कलली तरी हॉलमधली मोजणी थांबेना. फिंटन नखं कुरतडताना दिसला तेव्हा माधवी चपापली.

"आता कसली मोजणी राहिली?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"बाद झालेल्यांच्या मतांची. त्यांच्या मतदारांनी पुढची पसंती ज्याला दिली, त्याला ती मतं जातात. चौथ्या नंबरची ओर्ला कीन जवळ येतेय माझ्या."

आपल्याकडे कसं, पुढे असला की गुलाल उधळायचा! माधवीनं ऑफिसात दोन वर्षं काढली होती, पण इथली निवडणूक तिची पहिलीच. घाईघाईनं तिनं घरी फोन लावला, तर तो वाजतच राहिला. सतीश तर हॉलच्या दारातून हसत आत येत होता. दूध पावडर आणि बटरचे पेढे बिस्किटांच्या डब्यात भरून आणले होते.

तिनं डबा ओढून घेतला आणि मांडीवर घट्ट धरून बसली. तिचा चेहरा बघून सतीशनं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

शेवटची फेरी जाहीर झाली. ओर्ला कीन निवडून आली. पलीकडे आरोळ्या उठल्या.

फिंटन येऊन शेजारी बसला. "डब्यात काय आहे?"

"पेढे. आमच्यात पास झालेल्याच्या नावानं वाटतात." तिला खोटं बोलवेना. "मी आधीच करायला लावले. चुकलंच माझं."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते तिकडचे झाले. चल, देऊन येऊ."

त्यानं ओर्लाशी हात मिळवला. माधवीनं झाकण उघडलं. तिला राग येत होता, पण डबा तिनं नीट पुढे केला. बघता बघता तो रिकामा झाला.

बाहेर आल्यावर सतीशनं हळूच विचारलं, "आपल्याला ठेवलास का एखादा?"

"आपण कुठे पास झालो?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

सतीशनं तिच्या हातातून डबा घेतला. कडेला चिकटलेला चुरा बोटानं गोळा केला आणि तिच्या तळहातावर ठेवला.