अकरा खाती

स्पॅम टाकणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या देते, आणि घरी कुणी नसेल तर मोठ्यानेही देते. ‘मांडव’ नावाची आमची द्राक्ष बागायतदारांची वेबसाइट आहे. शेतकरी तिथे पानांचे फोटो टाकतात, हा डावणी रोगच आहे का म्हणून विचारतात, कुठलं औषध मारू म्हणून विचारतात. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या चौघांपैकी मी एक, तेही फुकटात. पिंपळगावला माझ्या भावाने, संतोषने, असल्याच एका स्पॅम जाहिरातीवरून औषध आणून अर्धी बाग जाळून घेतली. तेव्हापासून हे काम मी अंगावर घेतलं आणि डोक्यातही घेतलं.

खोटी खाती ओळखायला फार अक्कल लागत नाही, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायचे. आजच उघडलेलं खातं, स्वतःचा फोटो नाही, एकाच इंटरनेट जोडणीवरून पाचसहा जण, आणि सगळ्यांचा मजकूर शब्दाला शब्द तोच. खरी माणसं अशी एका सुरात बोलत नाहीत. एवढं जुळलं की खातं कायमचं बंद. त्यात मला सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात घड बुडवायचे दिवस होते. मणी फुगावेत म्हणून मजूर बायका एकेक घड औषधाच्या मगात बुडवत जातात, बागच्या बाग हाताने. अशाच एका रविवारी दुपारी चाळीस मिनिटांत अकरा नवी खाती आली. अकराही बायकांची नावं, अकराही एकाच वायफायवरून. सगळ्यांचा मजकूर एकच: ‘द्राक्षतेज पावडरीने आमचे हात भाजले. घड बुडवायला ही पावडर वापरू नका. आम्ही बुडवणीच्या बाया आहोत.’ खाली फोटोही सगळ्यांचा एकच, लालभडक तळव्याचा.

मी उघडून बघतेय तोवर निवृत्तीअण्णांचा निरोप आला. ‘ताई, द्राक्षतेजच्या विरोधी कंपनीची टोळी घुसलीय, बघा जरा.’ अण्णा दोन वर्षांचे जुने सभासद. कुणाची गारपीट झाली की धीर देणार, कुणाचा माल चांगला निघाला की अभिनंदन करणार. संतोषची बाग जळली तेव्हाही चार गोड ओळी त्यांनीच लिहिल्या होत्या. मी त्यांचे आभार मानले आणि दोन मिनिटांत अकराच्या अकरा खाती बंद केली. मजकूर पुसला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्पॅम’.

प्रत्येक खात्यामागे मोबाइल नंबर होता. एक फोन केला असता तर काय बोटं झिजली असती? पण मी चहा ठेवायला उठले.

तीन आठवडे गेले. मी नाशिक रोडला एका सरकारी कार्यालयात आवक टेबलावर बसते. शेतीच्या तक्रारी तिथेच येतात. सोमवारी दुपारी एक म्हातारी आणि एक विशीतली पोरगी समोर उभ्या राहिल्या. म्हातारीच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. पोरीने अकरा कागद टेबलावर ठेवले.

“एवढे कशाला? एकच अर्ज द्यायचा ना,” मी खेकसले.

“निवेदन हाय मॅडम,” पोरगी म्हणाली. “मी एकदा लिवलं, बाकीच्यांनी तेच घेतलं. ज्याचं त्याचं नाव खाली. लय जणांचं आलं तर कोणी ऐकतं म्हनून.”

मी पहिला कागद वाचला. ‘द्राक्षतेज पावडरीने आमचे हात भाजले.’ दुसरा वाचला, तिसरा वाचला. शब्दाला शब्द तोच.

वीस वर्षं मी हेच घेतेय. गावच्या गाव एकच मजकूर घेऊन येतं, खाली प्रत्येकाची वेगळी सही, आणि मी शिक्के मारत जाते. एकदाही मनात आलं नाही की ही माणसं खोटी असतील. आणि घरी मोबाइल हातात घेतला की तीच माणसं मला भामटी दिसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी अकरा वेळा दिली होती.

“हे आधी कुठे टाकलं होतं?” मी विचारलं.

“मांडववर,” पोरगी म्हणाली. तिचं नाव रोहिणी, पेठ तालुक्याकडची. बुडवणीच्या टोळीत बारावीपर्यंत शिकलेली तेवढी एकटीच. “बागवाल्याच्या वायफायवर सगळ्यांची खाती मीच उघडून दिली. त्यांनी बंद केली. तवा नुसती आग व्हायची हाताची. मंग पुढच्या बागेत गेलो, तिथंबी तीच पावडर. आमी नाय म्हनलो तर मालकानी मांडव उघडून दाखवलं. म्हने बघा, एक तक्रार नाय, उलट निवृत्तीअण्णा पावडरीला चांगलं म्हनतोय. आठ दिवस बुडवणी केली. सगळ्यांची कातडी सोलली, हिची तर पार गेली.”

पुरावा म्हणून आणलेलं रिकामं पाकीट तिने पुढे केलं. मागे विक्रेत्याचा मोबाइल नंबर छापला होता. मी माझ्या मोबाइलवर निवृत्तीअण्णांचं खातं उघडून नंबर पाहिला. तोच. दोन वर्षं गोड बोलून आमच्यात बसला होता मेला, आणि मी त्याला ‘धन्यवाद अण्णा’ लिहिलं होतं.

तिथेच टेबलावर मी त्याचं खातं बंद केलं. अकरा खाती पुन्हा सुरू केली, त्यांचा पुसलेला मजकूर परत आणून सगळ्यात वर लावला. राग आला होता. फक्त अण्णाचाच, असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. मग मी त्या दोघींना सांगितलं की तुमची खाती बंद करणारी बाई मीच.

रोहिणीने कागद उगाच सारखे केले. म्हातारीने, भागीबाईने, मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“मंग आमी खोट्या नाय ना?” तिने विचारलं.

“नाही भागीबाई.”

“त्येवढं लिवून दे मला, बाई. टोळीतल्या बाया मला इचारत्यात, सरकारनी आपल्याला खोटं का ठरवलं.”

ते सरकार नव्हतं, मी होते, हे तिला पुन्हा सांगायचं माझं धाडस झालं नाही. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, खाली माझी सही केली आणि पूर्ण नाव घातलं. तिने तो कागद घडी करून कमरेला खोचला.

मग तिच्या निवेदनावर अंगठा घ्यायचा होता. बाकीच्या दहा जणींच्या सह्या होत्या, हिला सही येत नव्हती. रोहिणीने तिचं फडकं सोडलं. मी शाईचा पॅड पुढे सरकवला, तिचा अंगठा धरून हलकेच कागदावर टेकवला. तिने दात आवळले. कागदावर नुसता काळा डाग पडला, एकही रेघ नाही. दुसऱ्यांदा घेतला, तसाच.

“आधी उठायचा चांगला,” भागीबाई म्हणाली, जणू माझीच समजूत काढत होती.

मी तिसऱ्यांदा तो हात धरायला गेले नाही. त्या डागावर मी शिक्का मारला आणि निवेदन दाखल करून घेतलं.