वगळलेलं पान

आमच्या ह्यांना वाचायचा कंटाळा, आणि त्याचं खापर ते कायम डोळ्यांवर फोडतात. विणकामाची जुनी यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेली, पण माहितीपुस्तक उघडलं की नजर थेट आकृत्यांवर. यंत्रं बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पुस्तकं मिळेनाशी झाली. मग हे आपल्याकडच्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून इतर कारागिरांना फुकट देऊ लागले. मात्र पहिल्या पानावर हक्कांची सूचना दिसली की ह्यांचे हातपाय गार पडायचे. त्यावर उपाय म्हणून ते पानच वगळायचं. पान नाही तर गुन्हा नाही, असा ह्यांचा कायदा.

परवा पत्र आलं. बंद कंपनीचे हक्क आता दुसऱ्या कंपनीकडे आहेत, आणि ‘आपण वाटत असलेल्या प्रतींबाबत’ त्यांच्या वकीलबाई भेटायला येणार आहेत. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. आज सकाळी बघते तर बेचाळीस पुस्तकं अंगणात रचलेली आणि हे काडेपेटी शोधतायत.

“जाळा की. चोराच्या मनात चांदणं, हे सगळ्यांना कळू दे,” मी म्हणाले. काडेपेटी मी कालच शेजारी ठेवून आले होते. ह्यांचा चेहरा बघूनच मला अंदाज आला होता.

तेवढ्यात वकीलबाई आल्याच. आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सोबत आणलेली एक झेरॉक्स प्रत चाळली.

“ह्यातलं पहिलं पान कुठंय?”

हे वाकून पुस्तकांचा ढीग सारखा करू लागले. शेवटी मीच म्हणाले, “भीतीपोटी काढलंय, मॅडम.”

त्यांनी ढिगातलं मूळ पुस्तक उघडलं आणि सूचनेखालच्या बारीक ओळी मोठ्यानं वाचल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी या पुस्तकाच्या नकला जरूर काढाव्यात. विकू नयेत. हे पान प्रत्येक नकलेत ठेवावे.

“नव्या मालकांनी ही परवानगी तशीच ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “फक्त हे पान सगळ्यांना पाठवून द्या, म्हणजे झालं.”

“म्हणजे मी चोरी केलीच नाही?”

“नाही, काका. राजरोस दिलेली वस्तू तुम्ही चोरून घेत होतात.”

माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ रागही आला. वीस वर्षं हा माणूस झेरॉक्सच्या दुकानात खाली मान घालून जात होता. तीन ओळी वाचायला काय झालं होतं?

बाई गेल्यावर आम्ही पुस्तकं आत न्यायला लागलो. हे प्रत्येक पुस्तक बाहीनं पुसत होते. मध्येच पायरीवर बसले.

“अगं, कोर्टाच्या भीतीनं मी ही जाळली असती,” ते म्हणाले. “मग उद्या कुणी फोन करून विचारलं असतं, सुई अडकलीय, काय करू, तर सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नसतं.”

एवढं बोलले आणि त्यांना रडू फुटलं. मी शेजारी बसले. म्हटलं, रडा निवांत, पुस्तकं कुठं पळून जात नाहीत आता.