मी नवीन-फोल्डर-२ बोलतोय

मित्रांनो, हसू नका, पण माझं नाव होतं 'नवीन-फोल्डर-२'. मी एक जुना फोल्डर आहे, एका छोट्या वेबसाइटच्या पोटातला, आणि हे 'नवीन' नाव मी सहा वर्षं मिरवलं. माझ्याआधीचा पहिला फोल्डर चुकून पुसला गेला, म्हणून मी दोन नंबरचा. एवढाच काय तो माझ्या नावाचा इतिहास.

माझा जन्म बूट शिवणाऱ्या एका काकांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एकच खोली. खिडकीत पायाच्या आकाराचे लाकडी साचे, भिंतीवर चामड्याच्या पट्ट्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा संगणक. काका साधे बूट शिवत नाहीत. ज्या मुलांचं पाऊल जन्मापासून आत वळलेलं असतं, त्यांच्यासाठी ते एकेका पायाचं वेगळं माप घेऊन बूट करतात. पाय कोवळा असताना, डॉक्टरांच्या उपचारांसोबत असा बूट मिळाला, तर त्याला सरळ वळण लागतं. हाड पक्कं झालं की बूट नुसता आधार देतो.

काकांची लेक मापं लिहून घ्यायची. एका दुपारी तिनेच वेबसाइट उभी केली आणि माझ्यात बुटांचे सेहेचाळीस फोटो ठेवले. कॅमेऱ्याने त्यांना आकडे दिले होते, तेच राहिले. 'नावं काय, नंतर देऊ,' ती म्हणाली. हे 'नंतर' काही उजाडलं नाही.

शोधयंत्राचा फिरता कारकून अधूनमधून माझ्या दाराशी यायचा. जगभरची पानं वाचायची, कुठे काय आहे ते टिपायचं आणि कुणी विचारलं की वाट दाखवायची, हे त्याचं काम. ही मंडळी अक्षरांवर विश्वास ठेवणारी. दारावर 'नवीन-फोल्डर-२', फोटोंवर नुसते आकडे आणि पानावर काकांनी सांगितलेली एकच ओळ: 'विशेष पादत्राणे, मापानुसार'. नुसत्या नावावर सगळं ठरतं असं नाही, पण इथे तर नावही मुकं आणि पानही मुकं. तो बापडा काय टिपणार? आत एवढा ऐवज असून गडी उंबऱ्यावरून परत जायचा. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्याची काही चूक नव्हती.

त्या खोलीत एक शब्द उच्चारायला बंदी होती. 'वाकडा'. खिळा वाकडा झाला तरी लेकीने 'वळला' म्हणायचं. काकांचा डावा पाय जन्मापासून तसाच होता आणि शाळेत सगळा वर्ग त्यांना नावाऐवजी त्या शब्दाने हाक मारायचा. म्हणून तो शब्द त्यांनी पानावरही येऊ दिला नव्हता.

मग एका सकाळी एक बाई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. नेहमीचा रस्ता खोदला होता म्हणून ती या गल्लीतून चालली होती आणि खिडकीतले साचे पाहून थांबली. मुलीच्या पायात बाजारातले बूट होते, डाव्या बुटात कापूस कोंबलेला.

"डॉक्टरांनी बूट घ्या म्हणून सांगितलं, कुठे मिळतील ते नाही सांगितलं," ती म्हणाली. "दोन वर्षं फोनवर शोधतेय. आम्ही तीन गल्ल्या सोडून राहतो हो."

काकांनी मुलीचं पाऊल हातात घेतलं आणि टाच हळूच फिरवून पाहिली.

"काय लिहून शोधलंत?" लेकीने विचारलं.

"वाकडा पाय, लहान मुलांचे बूट."

काकांनी मुलीचं पाऊल हातातून सोडलं. लेक म्हणाली, "बाबा, लोक हेच लिहितात. फोल्डरला हेच नाव देऊया."

"माझ्या दारावर तो शब्द लागणार नाही," काका म्हणाले.

बाईला आधी काही कळेना. मग काका स्टुलावरून उठले, डावा पाय ओढत साच्यांकडे गेले आणि तिच्या लक्षात आलं.

"काका, मी तो शिवी म्हणून नाही लिहिला," ती म्हणाली. "मला दुसरा शब्दच माहीत नव्हता."

काका पट्टी घेऊन परत आले. त्यांनी मुलीचं माप घेतलं. बाई गेल्यावर मात्र ते लेकीला म्हणाले, "बदल नाव."

लेकीला काय, हुरूपच आला. तिने लिहिलं, 'वाकडा-पाय-बूट-वाकडे-पाय-उत्तम-बूट-स्वस्त-बूट-बूट'. काकांनी चष्मा लावून वाचलं. "हे नाव आहे की बाजारातली आरोळी?" ते म्हणाले. "जे आहे तेवढंच लिही. एकदाच लिही." मग मी झालो 'वाकडा-पाय-लहान-मुलांचे-बूट'. जुन्या पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्या पत्त्यावर पोचेल, अशी सोयही तिने केली. नाहीतर ज्यांनी जुना पत्ता जपून ठेवला होता, त्यांना 'पान सापडले नाही' एवढंच दिसलं असतं.

फोटोंची नावं काका सांगत गेले. "हा उजवा, आत वळलेला, वय दीड वर्षं." सेहेचाळीसही पाय त्यांना पाठ होते. मुलांची नावं मात्र त्यांनी घालू दिली नाहीत. जगाने पाय ओळखू नये, बूट ओळखावा, असं त्यांचं म्हणणं. पानावरही काय आजार, कुठला बूट, कधी घालायचा, हे साध्या भाषेत लिहिलं गेलं.

काही महिन्यांनी शोधयंत्र मला पुढे आणू लागलं. एके दिवशी एक तरुण बाप आठ महिन्यांचं बाळ घेऊन आला. शोधलं आणि लगेच सापडलं, म्हणाला. मग मान खाली घालून चाचरत सांगू लागला, "याचा पाय जरा... म्हणजे..."

"वाकडा आहे," काका म्हणाले. "माझाही वाकडाच होता. तेव्हा असे बूट शिवणारं कुणी नव्हतं. बसा, माप घेऊ."

लेकीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तो शब्द तिने बापाच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, तुम्हीही कधी फोल्डर कराल. तेव्हा 'नंतर' म्हणू नका, त्याच दिवशी त्याला खरं नाव द्या. आणि ते ठरवण्याआधी, आतल्या वस्तूची ज्याला गरज आहे तो कोणत्या शब्दाने हाक मारील, हे त्याला विचारा. बाळाचं पाऊल आता सरळ पडतं. तीन गल्ल्यांपलीकडची ती मुलगी बूट घालून शाळेत जाते, पण तिची डावी टाच जमिनीला लागत नाही. काका म्हणतात, आता ती लागायची नाही. तिची आई शोधत होती, ती दोन वर्षं माझ्या दारावर 'नवीन-फोल्डर-२' लिहिलेलं होतं.