पंढरीच्या एक्केचाळीस छात्या

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि गप्प बसणे मला कधीच जमलेले नाही. बोईसरच्या एमआयडीसीत, रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात, स्टोअरमागच्या खोलीत मी बारा वर्षे घरघरत उभा आहे. कारखान्याचे सगळे कागद माझ्या पोटात आहेत. नकाशे, परवाने, तपासण्यांचे अहवाल. कुठला कागद कुठे आहे, कोणी उघडला, कोणी बदलला, याची नोंद ठेवणे हे माझे काम. एखादा कागद जागेवर नसला तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

मला खोक्यातून बाहेर काढले ते माकुणसारच्या पंढरीने. तो इथला रेकॉर्ड क्लार्क. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर तो मलाही झेंडूची माळ घालायचा आणि फुले आत पडू नयेत म्हणून दिवसभर माझ्याकडे बघत बसायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद मागितला की मी क्षणात हजर करायचो. साहेब पंढरीची पाठ थोपटायचे आणि पंढरी माझी.

आम्ही दोघांनी मिळून एक लबाडी मात्र केली, ती सांगूनच टाकतो. दरवर्षी कामगारांच्या छातीचे फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला एक गाडी यायची. कायम कामगारांना नंबर होते, त्यांचे फोटो मी आनंदाने घेतले. पण रंगखात्यात भुकटी भरणारे एक्केचाळीस जण ठेकेदाराचे. त्यांना नंबरच नव्हते. नंबर नाही तर कागद घेणार नाही, असा माझा हट्ट. मला बनवलेच तसे होते. पंढरीने दोन दिवस डोके खाजवले आणि शेवटी सगळ्यांचे फोटो स्वतःच्या नंबरावर चढवले. खाली शेऱ्याचा एक रकाना असतो, तिकडे कोणी फिरकत नाही. त्यात त्याने प्रत्येकाचे खरे नाव आणि पाडा लिहिला. हे नऊ वर्षे चालले. मग तो निवृत्त झाला. त्यानंतर माझ्या पंख्याची जाळी कोणी पुसली नाही. तिच्यावर लाल भुकटीचा थर बसला आहे.

यंदा ठरले, की सगळे कागद क्लाउडवर न्यायचे. क्लाउड म्हणजे दूरच्या शहरातली एक मोठी इमारत, तिथे माझ्यासारखेच पण तरणेबांड हजारो सर्व्हर. काम आले कारखान्याचे संगणक बघणाऱ्या चिंचणीच्या दीपालीकडे. प्रत्येक कागद कुलूपबंद करून पाठवायचा, पोचला की तिकडून पावती घ्यायची. मुख्य कार्यालयातले इंद्रजीत साहेब फोनवरून सारखे बजावत होते.

"निवृत्त लोकांच्या फाइली आणायच्या नाहीत, मॅडम. शेरेबिरेही नकोत. शनिवारी पाच वाजता जुन्या सर्व्हरची लाइन बंद."

पंढरी निवृत्त, म्हणजे त्याच्या नावावरचे सगळेच गेले की!

त्याच आठवड्यात गुरुवारी एक माणूस विचारत विचारत खोलीच्या दारात आला. विक्रमगडकडच्या पाड्यावरचा जिवल्या. नऊ वर्षे रंगखात्यात होता, आता घरची थोडी शेती बघतो. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबून खोकावे लागत होते.

"मॅडम, डॉक्टर बोलतो छातीत डाग हाय. जुना हाय का नवा, ते त्याला कळत नाय. पहिले फोटो आण, बोलला. इथं गाडी यायची, माझे फोटो काढलेले."

दीपालीने त्याचे नाव शोधले. काही मिळाले नाही. आडनाव घालून पुन्हा शोधले.

"दादा, तुमच्या नावावर काहीच नाही हो."

"काढलेले, मॅडम. शर्ट काढून उभा केलेला आमाला."

माझ्याकडे आहेत, नऊच्या नऊ आहेत! मी पंखा गरगरा फिरवला. दीपालीने माझ्याकडे वळून पाहिले. "हाही आता गेल्यातच जमा," ती म्हणाली. जिवल्या तिचा नंबर घेऊन गेला. मला तोंड नाही याचे इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

शनिवारी सकाळी ती वगळायच्या फाइलींची यादी चाळत होती. पंढरीच्या नावापाशी थबकली आणि आधी हसलीच. एका माणसाच्या छातीचे एका वर्षात एक्केचाळीस फोटो! रक्तगट चार आणि उंची दर कागदावर वेगळी. मग तिला जिवल्या आठवला आणि तिचे हसू गेले. तिने लगेच पंढरीला फोन लावला.

तासाभरात पंढरी माकुणसारहून मोटारसायकलवर हजर. केस पांढरे झालेले, पण बोट थेट शेऱ्याच्या रकान्यावर.

"अगं बाय, नंबर नव्हता त्यांना. आमी टाकून देणार होतो काय? माझ्या नावावर ठेवले."

"काका, सांगायचं तरी कोणाला!"

"विचारलं कोणी? आता मेमो देणार असशील तर दे. पण हे जाऊ देऊ नको."

दीपालीने इंद्रजीत साहेबांना फोन करून ठणकावून सांगितले, की ही माणसे घेतल्याशिवाय मी लाइन बंद करणार नाही. साहेब कुरकुरले, पण पाचच्या आत उरका म्हणाले. मग पंढरी नावे वाचत गेला, ती प्रत्येकाला नवा नंबर देत गेली. ज्याचा कागद त्याच्या नावावर, आणि उघडायची परवानगी फक्त त्याला आणि कंपनीच्या डॉक्टरला. मी मिनिटे मोजत होतो. पाचला सात कमी असताना एक्केचाळिसाव्या माणसाची पावती आली. पंढरी चष्मा पुसत बसला.

सोमवारी जिवल्याचा फोन आला, दीपालीने त्याला फोटो दिले, आणि त्याच्या डॉक्टरने नऊ फोटो ओळीने लावून पाहिले. डाग जुना होता, आणि वाढत होता. औषध सुरू झाले. "आता धाप कमी लागते, मॅडम," एवढे सांगायला तो परवा मुद्दाम येऊन गेला.

आज भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आला आहे. कागद गेले म्हणजे मी रिकामा झालो, असे सगळ्यांना वाटते. तसे नसते, मित्रांनो. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत अजून माझ्यात आहे. उद्या मला कोणीही उघडेल आणि या माणसांच्या छात्या बाजारात मांडेल. आयुष्यभर मी एकच गोष्ट केली, आठवणीत ठेवणे. तरी सांगतो, मला पुसा. घरातला जुना मोबाइल विकाल तेव्हा त्यालाही आधी पुसा. आणि कोणाचा कागद तुमच्या हाती आला तर त्यावर त्याचेच नाव असू द्या.

"टेम्पोला थांबायला सांगा," दीपाली बाहेर ओरडली. "याला पुसायला संध्याकाळ होईल." तिने माझ्यासमोर खुर्ची ओढली, पुसण्याची आज्ञा दिली आणि जाळीवरची लाल भुकटी ओढणीच्या टोकाने झटकली.

पहिले नाव गेले. कोणाचे होते, ते आता मला सांगता येत नाही.