ब्रशचा एक हात

माझ्या ब्रशला कारखान्यातल्या आमच्या लाइनवर कुणी हात लावत नसे. अकरा वर्षं मी चेकिंगच्या टेबलावर आहे आणि माझी जीभ तिखट आहे, हे मीच सांगते. सोल्डरिंग होऊन आलेला सर्किट बोर्ड भिंगाखाली धरायचा, ठीक असला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशचा एक हात मारायचा आणि पुढे सरकवायचा. ब्रश मारायला कुणी सांगितलं नव्हतं. बोर्ड माझ्या हातून चकचकीत जावा, एवढीच माझी मिजास.

चार महिन्यांपूर्वी माझ्या शब्दावर धाकटी जाऊ सोल्डरिंगला लागली. या महिन्यात ती परमनंट होणार होती. नेमके तेव्हाच गिऱ्हाइकाकडून दोनशे बोर्ड परत आले. चालत होते सगळे, पण सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढरी भुकटी धरली होती. साहेबांनी खोकं माझ्यापुढे ठेवलं. "हे कुणाचं?"

"नवीन हात आहे," मी म्हटलं. "फ्लक्स जास्त लावते. जाऊ असली म्हणून मी पाठीशी घालणार नाही."

फ्लक्स म्हणजे टाका नीट धरावा म्हणून लावायचा चिकट द्रव. साहेबांना माझा सडेतोडपणा भलताच आवडला. दुसऱ्या दिवशी जावेला पॅकिंगला बसवलं आणि परमनंटचा कागद ड्रॉवरमध्ये गेला. घरी ती माझ्या हातातली भांडी काढून घेऊ लागली, आणखीच अदबीने बोलू लागली. मला वाटलं, बरी वठणीवर आली.

आठवड्याने टेबलाखाली एक ट्रे सापडला. त्यात तिच्याच हातचे वीस बोर्ड होते. मागे स्पिरिट संपलं तेव्हा ब्रशसाठी म्हणून मी बाजूला ठेवले आणि साफ विसरले. भिंगाखाली धरले, तर फ्लक्सचा पातळ, पारदर्शक थर, पांढरं कुठेच नाही. एकावर ब्रशचा हात मारला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यावर भुकटी आली. मग मी फ्लक्सची बाटली आणून वाचली. सहा महिन्यांपूर्वी फ्लक्स बदललं होतं. वर सरळ छापलं होतं, पुसू नये, तसंच राहू द्यावं.

मला माझ्या हातांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त जिभेची. बोर्डाला भिंग लावलं होतं, पण तिचं नाव घेताना साधा डोळासुद्धा उघडला नव्हता.

ब्रश मारलेला एक आणि न मारलेला एक असे दोन बोर्ड आणि ती बाटली घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "अहो, मिटलं ते. कालच तिने लिहून दिलंय, चूक माझीच म्हणून. म्हणाली, ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही, त्या म्हणतात म्हणजे झालंच असणार."

मी बोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बाटलीवरचं वाचलं. मग ड्रॉवर उघडून म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा."

पॅकिंगच्या टेबलावर ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. चार बायका शेजारी होत्या. त्यांच्यादेखतच मी म्हटलं, "ते पांढरं माझ्या ब्रशने आलं. तुझी काही चूक नव्हती."

मला वाटलं, रडेल, नाहीतर चिडेल. चिडली असती तर सोपं गेलं असतं. तिने पट्टी कापली, खोक्यावर नीट दाबली.

"म्हणजे मी फ्लक्स बरोबरच लावत होते, ताई?"

"बरोबरच लावत होतीस."

"मी रोज घरी तुम्हाला विचारणार होते," ती म्हणाली, "किती लावू ते. पण धीरच व्हायचा नाही."